मागे कोणी नसताना धरलेलं दार

काम अगदी साधं होतं, म्हणूनच मी हो म्हटलं. माझी मावसबहीण, आमची ताई, लोकांच्या वागण्यावर अभ्यास करते. सार्वजनिक वाचनालयाचं ते जड, स्प्रिंगचं दार आत शिरणारी माणसं मागच्यासाठी धरतात की सोडून देतात, एवढंच बघायचं होतं. तिने नियम आधीच घालून दिले होते : दोघींनी वेगवेगळ्या बाकांवर बसायचं, एकमेकींशी बोलायचं नाही, दिसेल तेच टिपायचं. दोघींच्या नोंदी जुळल्या तरच अभ्यास खरा.

दुपार कलली. दार कुरकुरत होतं. मग एक गृहस्थ ते धरून अदबीने बाजूला झाला, थांबला. मागे कोणीच नव्हतं. मला हसू आलं. पण पुढच्या बाईनेही तेच केलं. त्यानंतरच्या पोरीनेही.

नोंदी पडताळताना ताई वैतागली. "अगं, त्या म्हाताऱ्या बाई तू लिहिल्याच नाहीस?"

"कुठल्या?"

"राखाडी लोकरीच्या शालीतल्या. त्यांच्यासाठीच तर सगळे थांबत होते. सारख्या आत येत होत्या..." ती अडखळली. "बाहेर मात्र कधी गेल्या?"

ताई चेष्टा करणाऱ्यातली नाही. मी आत जाऊन त्या पोरीलाच विचारलं, "मघाशी दार कुणासाठी धरलंस?"

"मागे होतं ना कुणीतरी..." ती गोंधळून आपला तळवा चोळत राहिली. "कोण बरं?"

आम्ही जागा बदलून बसलो. ताईच्या बाकावरूनही मला काहीच दिसेना. थोड्या वेळाने ताई नियम मोडून माझ्याजवळ आली.

"त्या आता आत जात नाहीयेत... उभ्या राहून माझ्याकडे बघतायत. मला वेड लागलंय का गं?"

"चल, घरी चल," मी म्हटलं.

वाटभर ती मागे वळून बघत होती. कोपऱ्यावर आल्यावर म्हणाली, "गेल्या वाटतं." मोकळं हसली. माझाही जीव भांड्यात पडला.

ताईच्या घरी भाऊजींनी दार उघडलं. आम्ही आत गेलो, तरी ते दार धरूनच उभे.

"भाऊजी, लावा ना दार."

"थांब गं. आजी जिना चढून दमल्यात, येऊ दे त्यांना सावकाश."

ताई वळली. रिकाम्या जिन्याकडे बघत तिने विचारलं, "कुठल्या आजी?"

मला तरी कुठे कोणी दिसत होतं? पण मी नकळत भिंतीला चिकटले, वाट दिली. बाहेर कोरडं ठणठणीत ऊन होतं, आणि ओल्या लोकरीचा वास माझ्या अंगावरून हळूहळू घरात गेला.