फर्म्यावरचा अंगठा

बसा, तुमच्या गाडीला वेळ आहे. गोवा मोकळा झाला, त्यानंतरच्या पावसाळ्यातली गोष्ट. इथल्याच, कॅसलरॉकच्या रानात एका लाकूड गिरणीत मी फर्मे करायचो. साहेबांनी कागदावर काढलेलं चित्र पत्र्यावर उतरवायचं, कापायचं, कडा कानशीने घासायच्या. मग यंत्राची सळई त्या कडेवरून फिरते आणि जोडीचं पातं तीच वळणं लाकडात कापतं. यंत्राला कागद कळत नाही, त्याला फर्म्यानेच सांगावं लागतं.

पत्रा कापताना माझी बायको केशर दुसरं टोक अंगठ्याने दाबून धरायची. तापाने ती गेली, तेव्हापासून तिथे मी दगड ठेवायचो. घर खायला उठायचं, म्हणून झोपायचोही गिरणीतच.

खुर्च्यांच्या हातांचं काम चालू होतं. दुपारची वेळ, बाहेर दाट धुकं, आत ओल्या भुशाचा वास. यंत्रावरच्या लक्ष्मणने नुकताच कापलेला खुर्चीचा एक हात माझ्यापुढे धरला.

"मेस्त्री, हितं कुणीतरी अंगठा दाबल्यागत हाय बघा. सळई हितं आली की दबतीया..."

मी फर्मा चाचपला. कड सरळ होती. लाकडात मात्र लहानसा खळगा, त्यात बारीक रेघा. केशरच्या अंगठ्यावर विळीचा आडवा वण होता. तोसुद्धा उमटला होता. भीती नाही वाटली हो मला, रडू आलं.

काम संपलं की फर्मा मधोमध तोडायचा, ही आमची रीत. अख्खा राहिला तर नको तेव्हा त्यावरून पुन्हा लाकूड कापलं जातं. काम अजून संपलं नव्हतं, तरी लक्ष्मण पत्र्याची कात्री घेऊन आला.

"तोडा आता. वैनी गेल्यात, त्यास्नी जाऊ द्या."

"एकदाच रे... ही एवढी फळी."

"मेस्त्री, नगं..."

फर्मा तोडला की ती पुन्हा येणार नव्हती. मी ऐकलं नाही. यंत्र मीच चालवलं, आणि सळई दबली तिथे पत्र्यावर माझा अंगठा टेकला. पत्रा कोमट होता. पातं थांबेपर्यंत मी हात काढला नाही.

फळीवर शेजारी शेजारी दोन खळगे उमटले. एक तिचा, दुसरा माझा. लक्ष्मणने माझा हात खिडकीशी ओढला.

"मेस्त्री... तुमच्या रेघा कुठं गेल्या?"

माझा अंगठा काचेसारखा गुळगुळीत झाला होता. लक्ष्मण त्याच संध्याकाळी रामनगरला गेला, तो परत आलाच नाही.

फर्मा मी अजून तोडलेला नाही. एकटं वाटत नाही आता, हे खरं. फक्त हल्ली सकाळी उठलो की आणखी एखादं बोट गुळगुळीत झालेलं असतं.