डावखुरं सारवण

तन्वीर मला पहिल्यांदा दिसला तो पाठमोरा... माझ्या भिंतीला हिरवा ऑइलपेंट फासताना!

कुसगावच्या एका हॉटेलमागं मी बांबू, कारवीच्या काड्या आणि मातीचं हरितगृह उभं केलं होतं. आत टोमॅटोची रोपं. ती जगली तर मालक अशी आणखी चार बांधायला देणार होते. नाहीतर लोखंडी पाइप आणि प्लास्टिक. आणि देहूरोडहून आलेला हा मेंटेनन्सवाला शिट्टी वाजवत ब्रश फिरवत होता!

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"फोटोत छान दिसेल म्हटलं..."

"फोटो खायचाय का? अहो, आतली ओल ही माती शोषून घेते. तुम्ही तिचं तोंडच बंद केलंत!"

तो वळला. गालावर हिरवा ठिपका. मला हसू आलं नाही. खरंच नाही आलं.

चार दिवसांत बुरशी लागून रोपं माना टाकू लागली. मालक वैतागले, "मातीचे लाड पुरे. पाइपवाल्याला बोलवा." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण माझ्याकडं बोट करून बोलला तो तन्वीर.

"साहेब, भिंत चांगली होती. मी अम्माराला न विचारता रंगवली. आठ दिवस द्या."

पाच दिवस तो पत्र्याच्या तुकड्यानं रंग खरवडत बसला. बोटं सोलवटली. मी हळद दिली — तीही आपटून. सहाव्या दिवशी शेणमाती कालवून आम्ही भिंतीच्या दोन टोकांकडून सारवत आलो, मधोमध भेटलो... आणि मी किंचाळलेच.

माझ्या बोटांचे ठसे एकीकडं वळलेले, त्याचे उलटे. हा डावखुरा! दोघांच्या कमानी एकमेकींत शिरल्या होत्या.

"आता सगळ्यांना कळेल, इथं दोघं होते!"

"पुसू?"

"हात तर लावून बघा!"

त्यानं हात मागं घेतला, नजर नाही. मीच मान वळवली.

आठव्या दिवशी निम्मी रोपं गेलेली, पण उरलेली ताठ उभी होती. मालकांनी भिंतीला हात लावून पाहिला आणि चारही हरितगृहं मला दिली. तन्वीरनं ब्रश उचलला.

"मग... निघू मी?"

"दुसऱ्या टोकानं कोण सारवणार? अर्धी कामं टाकून जायची सवयच आहे का तुम्हाला?"

"चार भिंती झाल्या की जाऊ?" तो हसला. "की कायमचंच विचारतेस?"

"मग काय, चार भिंतींपुरतं एवढं भांडले मी?"

मालक अजून तिथंच उभे होते. असू देत!