तिसरं व्हर्च्युअल मशीन

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण ही गोष्ट माझ्या मावसभावाच्या बाबतीत खरोखर घडलेली आहे. त्याला थापा मारता येत नाहीत. लहानपणी आमच्या टोळीत सगळ्यात आधी तोच पकडला जायचा.

आणि रात्रबित्र काही नव्हती. सुट्टीचा दिवस, भर दुपार.

मी त्याला दादा म्हणतो. त्याचं काम असं, की गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरवर कुठलाही नवा प्रोग्रॅम जाण्याआधी तो आपण चालवून बघायचा. त्यासाठी व्हर्च्युअल मशीन लागतं. म्हणजे कॉम्प्युटरच्या आत एक खोटा कॉम्प्युटर. आत काहीही धिंगाणा होऊ दे, बाहेरच्या खऱ्या कॉम्प्युटरला ओरखडाही येत नाही. चाचणी सुरू करताना आतल्या मशीनचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची जशीच्या तशी नोंद, घ्यायचा. काम झालं की एक बटण दाबायचं. मशीन पुन्हा त्याच क्षणावर येतं. मधलं सगळं पुसलं जातं.

असली मशीनं बनवणारी तीन सॉफ्टवेअर साहेबांनी त्याच्यापुढे टाकली होती. एक महागडं, एक सिस्टिमबरोबर आलेलं, एक फुकटचं. त्यातलं कुठलं घ्यायचं, ते दादाने ठरवायचं होतं. दादा कामात चिकट. वहिनीला नववा महिना लागलेला, तरी हा सुट्टीच्या दिवशी ऑफिसात.

"जातोस कशाला?" मी आदल्या दिवशी म्हटलं होतं.

"बाळ आलं की मला कोण बसू देणार आहे? आत्ताच उरकतो," तो म्हणाला.

चाचणीची खोली आतल्या बाजूला. खिडकी नाही. दार कार्डाने उघडतं. कार्ड टेकवलं की हिरवा दिवा लागतो, मग दार सरकतं. दादाने बाहेरच्या कॉफी मशीनमधून कॉफी आणली आणि बसला.

तिन्हींची तुलना करायची तर तिन्हींत एकच प्रोग्रॅम चालवायला हवा. संशयास्पद म्हणून बाजूला ठेवलेला एक प्रोग्रॅम त्याने उचलला. कुणी पाठवला होता, त्याचा पत्ता नव्हता. चालवला की काळी चौकट उघडायची. बस. पुढे काहीच नाही.

पहिली दोन सॉफ्टवेअर ठीक चालली.

तिसऱ्यात, त्या फुकटच्यात, दादाने घाई केली. वेळ वाचवायला त्याने प्रोग्रॅम चालू असतानाच स्नॅपशॉट घेतला. आणि दुसरी गोष्ट तो साफ विसरला. आतलं मशीन बाहेरच्यापासून तोडायचं असतं. नेट बंद, फोल्डर बंद, कॉपी-पेस्टसुद्धा बंद. यात नेट आणि फोल्डर बंदच होते, पण कॉपी-पेस्ट आधीपासून चालू होतं. आत कॉपी केलेलं बाहेर पेस्ट होत होतं.

मशीन स्नॅपशॉटवर मागे नेलं, बघितलं. पुन्हा मागे नेलं, पुन्हा बघितलं. बटण दाबायचं आणि किती वेळ लागतो ते बघायचं, असं त्याचं बराच वेळ चाललं होतं.

मग त्याने आपला शेरा कॉपी केला आणि बाहेरच्या कॉम्प्युटरवर, साहेबांसाठीच्या अहवालात, पेस्ट केला.

तिथे उमटलं...

"परत नको."

दादा हसला. ऑफिसातल्या कुणाची तरी टवाळी असणार. त्याने ते खोडलं, मशीन मागे नेलं आणि पुन्हा पेस्ट केलं.

"पुन्हा केलंस."

आता मात्र त्याचं हसू मावळलं. मागे नेलेल्या मशीनला आधीचं काही आठवायला नको. त्यासाठीच तर ते मागे न्यायचं असतं!

तेवढ्यात फोन वाजला. वहिनी.

"अहो, कळा सुरू झाल्यात. शेजारच्या काकू आहेत सोबत. मी हॉस्पिटलला निघते, तुम्ही थेट तिकडेच या. आणि गाडी हळू चालवा."

"आलोच!"

दादा ताडकन उठला. पण सवय कुठे जाते? मशीन तसंच सोडून जायचं नाही, हे हाडीमांसी खिळलेलं. त्याने उभ्या उभ्याच बटण दाबलं.

खोलीतला एसी क्षणभर गप्प झाला...

आणि फोन वाजला.

"अहो, कळा सुरू झाल्यात. शेजारच्या काकू आहेत सोबत."

"अगं, आत्ताच सांगितलंस ना!"

"कधी? मी आत्ताच तर फोन लावतेय. असं काय करताय?"

दादाने फोन तपासला. वहिनीचा एकच कॉल होता. त्याची नजर कॉफीवर गेली. मघाशी संपवलेली ती.

कप भरलेला होता... वर वाफ होती.

आणि तो स्वतः उभा नव्हता. खुर्चीत बसलेला होता.

तो दाराकडे धावला. कार्ड टेकवलं. लाल दिवा. पुन्हा टेकवलं, पुसून टेकवलं. लाल. त्याने दार बडवलं, हाका मारल्या. पलीकडून कसलाच आवाज नव्हता. जिन्यात पावलं नाहीत, रस्त्यावर गाड्या नाहीत. भिंतीपलीकडे काही उरलंच नसावं, असं त्याला वाटलं.

या वेळी त्याने बटणाला हात लावला नव्हता.

तरी एसी गप्प झाला...

तो खुर्चीत होता. कप भरलेला होता. फोन वाजत होता.

"अहो, कळा सुरू झाल्यात..."

असं किती वेळा झालं, ते दादा सांगत नाही. एवढंच सांगतो, की नंतर नंतर तो फोनवर नुसता रडायचा आणि वहिनी म्हणायची, "घाबरताय काय असे? या लवकर." तिला दर वेळी ते पहिल्यांदाच असायचं. ती तिकडे कळा सोसत होती आणि हा त्या एका फोनच्या पुढे जाऊ शकत नव्हता.

शेवटी त्याने एक ओळ लिहिली, कॉपी केली आणि आतल्या काळ्या चौकटीत पेस्ट केली. "मला जाऊ दे. माझी बायको वाट बघतेय."

मग बाहेर पेस्ट करून बघितलं...

"मीही हेच सांगत होतो."

दादा त्या शब्दांकडे बघत राहिला. आत कोण होतं, काय होतं, देव जाणे. पण दुपारभर आपण नुसता वेळ मोजायला त्याला ओढून ओढून मागे आणत होतो, हे त्याला कळलं. दादाला त्याची भयंकर कीव आली. आणि स्वतःची त्याहून जास्त.

मग त्याने या धंद्यात कुणी करू नये ते केलं. आतल्या मशीनचं नेट चालू केलं. जे आत कोंडायचं, त्याला बाहेरची वाट मोकळी करून दिली.

काळी चौकट आपोआप मिटली.

दाराचा दिवा हिरवा झाला.

बाहेर अंधार पडला होता. खाली त्याची मोटरसायकल जागेवर नव्हती. किल्ली मात्र खिशात होती. विचार करायला वेळ कुणाला? त्याने टॅक्सी पकडली.

हॉस्पिटलच्या फाटकाशी त्याची मोटरसायकल उभी होती. घाईघाईत सोडून दिल्यासारखी, तिरकी. दादाने खिसा चाचपला. किल्ली होती. मग तो वर गेला.

वहिनी पलंगावर होती. कुशीत मुलगी. वहिनी थकलेली, पण हसत होती.

"लावलीत का गाडी नीट?"

"कोणी?"

"कोणी म्हणजे? आत्ताच तर म्हणालात, घाईत वाकडी लावलीय, नीट लावून येतो. आणि बाळाला घेऊन केवढे रडलात हो! काकूंनाही रडू आलं."

काकूंनी मान डोलावली.

दादा पलंगाशी गेला. त्याने मुलीला घेतलं. पहिल्यांदाच. त्या दोघी बायकांच्या लेखी मात्र ती दुसरी वेळ होती.

नंतर तो खाली गेला.

मोटरसायकल... सरळ उभी होती.

आसपास कुणी नव्हतं.

मुलगी आता शाळेत जाते. दादाने ती नोकरी सोडली. वहिनीला यातलं अक्षरही माहीत नाही. मला त्याने सांगितलं तेव्हा मी समजूत घातली, की बाबा रे, ताण होता, भास झाला असेल. आणि असेलच कुणी, तर इतक्या वर्षांत एकदा तरी दिसला नसता का?

दादा दाराकडे बघत होता. घरी असला की तो दाराकडे तोंड करूनच बसतो.

"मी आतून सोडला, तो काही पळून गेलेला नाही," तो म्हणाला. "त्याची पण बायको हीच आहे. मुलगी हीच आहे. सगळ्यात आधी तिला त्यानेच घेतलं."

मग आवाज खाली आणून म्हणाला, "तो फक्त गाडी लावायला गेलाय रे. गाडी लावून माणूस वर येतोच ना?"