लोखंडी पायांना दात

मिनी ट्रॅक्टरच्या मागे खोदायचा पंजा लावला की तो थोडाफार सरकणारच. पंजा माती आपल्याकडे ओढतो, आणि ट्रॅक्टर हलका असला की मातीऐवजी स्वतःच खड्ड्याकडे ओढला जातो. खाप्याला वेल्डिंगचं दुकान चालवणाऱ्या सुशीलला हे चांगलं ठाऊक होतं. त्यामुळे पहिल्या दिवशी कामावरून आल्यावर त्याचे वडील बाबाराव म्हणाले, "आज गाडी हातभर सरकली गा," तेव्हा तो नुसता हसला.

काम कन्हान नदीच्या काठाला होतं. शहरातल्या ओमप्रकाशजींनी तिथे संत्र्याची बाग घेतली होती आणि बागेच्या कडेला पाण्याच्या टाकीसाठी आठ फूट खोल खड्डा हवा होता. जमीन काळी, सपाट, वरून सुकलेली.

दुसऱ्या दिवशी सुशील पाहायला गेला. ट्रॅक्टरची मागची चाकं काठापासून जेमतेम दोन हातांवर आली होती. बाबाराव सत्तरीचे, उजवा गुडघा वाकत नसलेले. सीटवर चढायला त्यांना खांदा लागायचा, उतरायलाही लागायचा. गाडी खड्ड्यात गेली तर उडी मारून वाचणं त्यांच्याच्यानं होणार नव्हतं. सुशीलचं हसू तिथेच मावळलं.

त्याच दिवशी त्याने खोदताना गाडी जमिनीला टेकवायच्या मागच्या दोन्ही लोखंडी पायांच्या तळव्यांना लोखंडी अँगलचे तिरके तुकडे वेल्ड केले. चार इकडे, चार तिकडे, चांगले बोटभर दात. तिसऱ्या दिवशी त्या दातांनी जमिनीवर आठ सरळ रेघा ओढल्या. दुपारी त्याने टायरांत पाणी भरलं, बोनेटपुढे कुंपणाचे दोन सिमेंटचे खांब लादले, चाकांमागे दोन सब्बली, लांब लोखंडी पहारी, ठोकल्या. सब्बली वाकल्या. चौथ्या दिवशी सकाळी त्याने गाडीच्या पुढच्या हुकातून साखळी ओवून एका जुन्या बाभळीला बांधली.

"आता सरकली तर झाड घेऊन सरकंल," बाबाराव सीटवरून म्हणाले. "मंग झाडालेही दात लावून देशील काय?"

"तुम्ही खोदा न बाबा. मी पाहून राहिलो."

दोन तास गाडी हलली नाही. सुशीलला जरा हुशारी वाटली. बाबारावांनी इंजिन बंद केलं आणि वरच बसून डबा उघडला. आता पंजा हवेत होता, मातीला कुठेच टेकलेला नव्हता.

सुशील पायापाशी उकिडवा बसून आपलं वेल्डिंग न्याहाळत होता. दातासमोरची माती फुगली. तिला केसाएवढी भेग पडली. भेग रुंद होत गेली.

त्याच्या मागे, बाभळीकडे, साखळी करकरली.

त्याने मोबाइलमधलं उतार मोजायचं लेव्हल उघडून तो जमिनीवर ठेवला. उतार होता, पण अगदी थोडा. आणि तो खड्ड्यापासून दूर जाणारा होता.

"बाबा, उतरा."

"जेवू तर दे."

"उतरा म्हणतो न!"

त्याने त्यांना खांद्यावर घेऊन खाली आणलं. त्यांचे पाय जमिनीला लागले तशी साखळी सैल झाली आणि झोळीसारखी लोंबली. सुशील स्वतः सीटवर चढला. वीस बकेटा माती काढली, जोर लावून काढली. गाडी बोटभरही सरकली नाही.

"पाह्य बरं," बाबाराव हसले. "हलकी माणसं पाहिजे तिले. घे मले वर."

त्याला नको वाटत होतं. पण खात्री करायचीच होती. त्याने त्यांना परत बसवलं.

साखळी खटकन ताणली. बाभळीच्या बुंध्याची साल गळून पडली.

सुशीलने त्यांना जवळजवळ ओढूनच खाली घेतलं. मग त्याने विचारलं, "पहिल्या दिवशी नारळ फोडला होता न?"

"आणाले विसरलो." बाबाराव टॉवेलने हात पुसत होते. "म्हटलं, नारळ नाही तर नाही. मी आहो न."

"कोणाले म्हटलं?"

बाबारावांनी खड्ड्याकडे पाहिलं.

असल्या गोष्टी सुशील मानत नव्हता. तरी त्याने साखळी सोडली, खांब उतरवले आणि वडिलांना मोटरसायकलवर पुढ्यात बसवून सरळ घरी आणलं. बाबाराव ओसरीत खाटेवर आडवे झाले. सुशील अंगणात जाऊन ओमप्रकाशजींशी फोनवर बोलला. काम सोडलं, खड्डा दुसऱ्याकडून करून घ्या. तिकडून बरीच आरडाओरड झाली. तो ऐकून घेत राहिला. वडील घरात होते, एवढं पुरेसं होतं.

फोन ठेवून तो आत आला. त्याची बायको हर्षा वाकून खाटेच्या पायांखाली पोत्याचे तुकडे कोंबत होती.

"काहून वं?"

"हळू बोला, मामाजींचा डोळा लागला." ती कुजबुजली. "खाट सरकून राहिली त्यांची. तीन-चार दिवस झाले. म्हटलं, फरशी गुळगुळीत आहे. काल विटा लावल्या, त्याही सरकल्या. आज खिडकीच्या गजाले बांधली. आता पाहा, जागची हलत नाही."

खाट खरंच हलत नव्हती. दोरी कडक ताणलेली होती.

बाबाराव शांत झोपले होते. श्वास संथ होता. उशी रिकामी होती. डोकं खाटेच्या मध्यावर आलं होतं आणि दोन्ही पाय, मांड्यांपासून खाली, खाटेबाहेर गेले होते.

ते लोंबत नव्हते. नदीच्या दिशेने हवेत सरळ होते.