अगाऊ खंत

सिद्राम म्हेत्र्यांच्या डोक्यावर मेंदूतल्या लहरी मोजणारी लहरटोपी चढवताना डॉक्टर होनराव बाईंनी सांगितलं, की दुखणार काही नाही, फक्त समोर बघायचं. समोर पडद्यावर सोलापुरातलाच वाटावा असा एक रस्ता होता. उन्हाची वेळ, एक उभी रिक्षा, आणि त्या रिक्षामागून दप्तर घेतलेली एक मुलगी पळत आली. तेवढ्यावर पडदा काळा झाला. धडक नाही, रक्त नाही, काही नाही. तरी सिद्रामांचा सदरा पाठीला चिकटला, आणि बाजूच्या पडद्यावरची हिरवी रेघ उसळून पार चौकटीबाहेर गेली.

आता यात नवल काही नव्हतं. दोन वर्षांमागं अशीच एक मुलगी त्यांच्या शहर बसखाली आली होती. चौकशीत त्यांचा दोष निघाला नाही, मुलीच्या बापानंही कधी वाकडा शब्द काढला नाही. पण माणसाचं मन काय चौकशीचा निकाल वाचून गप्प बसतं होय? तेव्हापासून सिद्राम स्टिअरिंगला हात लावू शकले नव्हते. डेपोत टायरमध्ये हवा भरायचे, घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडायचे, झोप मात्र लागायची नाही. वीस वर्षं गाडी चालवलेला माणूस हवा भरतोय, हे बघून बरोबरीचे ड्रायव्हर नजर चुकवायचे. त्यांना गाडीवर परत जायचं होतं आणि रात्रीची झोप पाहिजे होती, बाकी काही मागणं नव्हतं.

डॉक्टर होनराव मेंदूच्या तज्ज्ञ. त्यांनी रेघेवर बोट ठेवून समजावलं, की आपल्या हातून वाईट घडलं की मेंदूत एक लहर उठते, तिला आम्ही खंतलहर म्हणतो. इतरांच्यात ती उठते आणि विरते, तुमच्यात ती विरायचं नावच घेत नाही. तिला विरवायचं औषध म्हणजे खेळ. घरच्या कॉम्प्युटरवर रोज खेळायचा.

खेळ केला होता फैयाज बागवाननं, प्रयोगशाळेतल्या इंजिनिअरनं. अख्खं शहर त्यानं पडद्यात उभं केलं होतं. त्याला ते लोक मुक्तनगरी म्हणायचे, कारण तिथं कुठंही जा, कुणाचीही गाडी पळव, दुकान लूट, माणूस चिरड, सगळं चालतं. पोलीस मागं लागतात, पण गल्लीत जरा वेळ दडून बसलं की तेही निघून जातात.

"लोकांना वाटतं मारामारीची मजा आहे," होनराव म्हणाल्या. "तसं नाही. ते शहर विसरतं, याची मजा आहे. खरं शहर विसरत नाही."

फैयाज मात्र रेघेकडं वाकून बघत होता. "मॅडम, ही बारकी लहर बघा. मुलगी रिक्षामागून यायच्या आधीच उठलीय. मोठीचीच जात, नुसती लवकर आलेली. अगाऊ खंत म्हणा हवं तर."

"तीच यांना स्टिअरिंगवर बसू देत नाही. जाईल तीही."

"पण ती आधी का येत असेल?"

त्यावर बाईंनी दुसराच विषय काढला. फैयाजनं खांदे उडवले आणि सिद्रामांना हसत सांगितलं, की मॅडम चार वर्षं रोज हा खेळ तपासतात, एका हातानं माणसं उडवतात आणि दुसऱ्या हातानं डबा खातात. बाईंना हसू आलं नाही, रागही आला नाही.

थोरली लेक लग्न होऊन गेली तेव्हा तिचा कॉम्प्युटर घरीच राहिला होता. त्यावर मुक्तनगरी बसवली. सिद्रामांनी पहिल्याच दिवशी काय करावं? एवढ्या मोटारी सोडून त्यांनी एक बस गाठली, आणि गुन्हेगारांच्या त्या शहरात सिग्नल पाळत, थांब्या-थांब्यावर उभे राहत ती चालवायला लागले. प्रवासी काही चढेनात, त्यांना चढायचं शिकवलंच नव्हतं. आठवडा असाच गेल्यावर, खेळाची नोंद बघून होनराव बाईंचा फोन आला. म्हेत्रे, तुम्ही खेळत नाही, ड्युटी करताय, असं त्या म्हणाल्या.

मग एका दुपारी चुकून एक बाई चाकाखाली आली. सिद्राम ताडकन उठले, मोरीत गेले आणि डोक्यावरून अंघोळ केली, मयतीहून आल्यावर करतात तशी. त्यांची बायको महानंदा उखळात शेंगा चटणी कुटत होती. तिनं उठून टॉवेल दिला. मेलेलं माणूस खोटं असलं म्हणून काय झालं, आपला माणूस तर खरा होता.

दुसऱ्या खेपेला त्यांनी नुसते हातपाय धुतले. तिसऱ्या खेपेला पाण्याचा घोट घेतला. पुढं पुढं चहाची बशी तोंडाला लावूनच माणसं उडवायला लागले. आणि खोटं कशाला बोला, मजाही यायला लागली. एकदा त्यांनी एक लाल मोटार पळवली, समुद्राकाठच्या रस्त्यानं सुसाट नेली, पुलावरून थेट पाण्यात घातली, आणि मोठ्यांदा हसले. दोन वर्षांनी महानंदाला ते हसू ऐकायला आलं. त्या रात्री सिद्राम गाढ झोपले. महानंदानं देवापुढं साखर ठेवली.

नंतर अक्कलकोटहून चुलत्याच्या मयतीचा फोन आला. सिद्राम 'हं' म्हणाले आणि हातातला डाव संपवूनच उठले. महानंदाला ते लागलं. पण झोप लागतेय ना माणसाला, म्हणून तिनं सोडून दिलं.

पुन्हा टोपी चढली तेव्हा पडद्यावर तीच रिक्षा, तीच मुलगी. हिरवी रेघ जमिनीसारखी सपाट राहिली. मोठी लहर नाही आणि बारकीही नाही. सिद्राम बरे झाले, गाडीवर रुजू झाले. डेपोत पेढे वाटले, ते महानंदानं.

बाजाराच्या रस्त्यावर दुपारी एक म्हातारा सायकल ढकलत आडवा आला. सिद्रामांना तो लांबूनच दिसला. त्याची टोपी दिसली, कॅरिअरवरची गुळाची ढेप दिसली. आता ब्रेक दाबायला पाहिजे, हेही त्यांना पक्कं कळलं. पाय मात्र होता तिथंच राहिला. अडवलं असं कशानंच नव्हतं, नुसतं त्याला कुणी हलायला सांगितलं नाही. गाडी नवी होती, तिच्यात स्वयंरोधक होता. समोर अडथळा दिसला की आपोआप थांबवणारं ते यंत्र कचकन लागलं, आणि बस सायकलीला टेकून उभी राहिली.

प्रवासी एकमेकांवर पडले. कंडक्टरनं पाठ थोपटली, "मामा, वाचवलं की ओ त्याला." म्हाताऱ्यानं हात जोडले. सिद्रामांनी बघितलं, त्याच्या चपलेचा अंगठा तुटलेला होता. मग त्यांनी गिअर टाकला. आता जरा वेळ गेला की सगळे विसरतील, असं त्यांच्या मनात आलं. खरंच, पुढच्या थांब्यापर्यंत सगळे विसरले.

तरी ते प्रयोगशाळेत गेले. भीती वाटली म्हणून नव्हे, हिशेब जुळेना म्हणून. फैयाज तिथं नव्हता. त्याला झोप येईना म्हणून नोकरी सोडून गेला, असं कळलं. होनराव बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"फैयाज बरोबर होता," त्या म्हणाल्या. "नंतर जी दुखते, तीच लहर आधी येऊन पाय ब्रेकवर नेते. दोन लहरी नाहीतच. एक घालवली की दुसरी जाते."

"मग परत आणा की."

"कशी आणायची, ते माहीत नाही."

सिद्रामांनी विचारलं, की सोमवारपासून याच उपचाराला डेपोतले आणखी चाळीस ड्रायव्हर येणार होते, त्यांचं काय. बाई म्हणाल्या, येतील, ठरलंय तसं. हे चुकीचं आहे का, असं सिद्रामांनी विचारलं, तर बाई शांतपणे हो म्हणाल्या. सिद्रामांनी टेबलावरची लहरटोपी उचलून त्यांच्यापुढं सरकवली. बाईंनी ती घातली, रिक्षा आणि मुलगी बघितली, बाजूची रेघ बघितली.

"हं, सपाट आहे," त्या म्हणाल्या आणि टोपी काढून जागेवर ठेवली.

सिद्रामांना राग यायला हवा होता. तो आला नाही. ते नमस्कार करून निघाले.

घरी महानंदा उखळापाशी बसली होती. त्यांनी म्हाताऱ्याचं सांगितलं, पायाचं सांगितलं, चाळीस जणांचं सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात. तिच्या हातातलं मुसळ थांबलं. गुळाच्या ढेपेपर्यंत ती ऐकत होती, चपलेशी आल्यावर तिला धीर धरवेना. ती तोंडात पदर कोंबून रडली. सिद्राम समोर बसून नीट बघत राहिले.

"रडू आलं तुला?"

तिनं मान डोलावली.

"मग तूच सांग. उद्या गाडीवर जाऊ का?"

"नका जाऊ."

"बरं," ते म्हणाले. खिशातला ड्रायव्हरचा बिल्ला काढून त्यांनी तिच्या तळहातावर ठेवला. त्या बिल्ल्यासाठी हा माणूस दोन वर्षं जळत होता, आणि आता पानाची पिचकारी टाकावी इतक्या सहज दिला. याचंच तिला जास्त रडू आलं.

डोळे पुसून ती म्हणाली, "उठा, डोक्यावरून अंघोळ करा. आणि त्या बाईंचा नंबर द्या."

मोरीत पाणी घेताना सिद्रामांना बाहेरचं ऐकू येत होतं. महानंदा फोनवर भांडत होती, रडत होती, तुम्हाला लेकरंबाळं आहेत का म्हणून विचारत होती, चाळीस जणांच्या गाड्यांखाली कोण कोण येईल ते एकेक करून सांगत होती. सिद्रामांनी तांब्या खाली ठेवला आणि आवाज न करता ऐकत राहिले. असं बोलायचं असतं, एवढं त्यांना आठवत होतं.

ते बाहेर आले तेव्हा फोन बंद झाला होता.

"काय म्हणाल्या?"

"थांबवा म्हटलं, तर बरं म्हणाल्या." महानंदानं नाक पुसलं. "पण तुम्ही म्हणता तसंच म्हणाल्या. उद्या दुसऱ्या कुणी चालू ठेवा म्हटलं तर त्यालाही बरंच म्हणतील."

सिद्रामांना ते पटलं. ते खाली मान घालून टॉवेलनं डोकं पुसत उभे राहिले.

"सोमवारी तिथं दारात मी बसते," ती म्हणाली. "आत जायचं तर मला ओलांडून जा म्हणावं. आणि तुम्ही पण चला बरोबर. मी उठा म्हटल्याशिवाय उठायचं नाही."

"बरं," सिद्राम म्हणाले.