कंपनीचा वास आणि देवदत्तचं ग्लायडर

"खिडक्या लावा गं! कंपनीने आज पण वास सोडला!"

दुसऱ्या मजल्यावरून वृंदाकाकू ओरडल्या आणि अंबरनाथच्या त्या इमारतीतल्या खिडक्या धडाधड बंद झाल्या. एमआयडीसीच्या शेजारी राहणाऱ्यांना याचं काही वाटत नाही. नाकाला झोंबलं की खिडकी लावायची, कंपनीला शिव्या घालायच्या आणि चहा टाकायचा!

ऋता मात्र खिडकीतून हलली नाही. चौकापलीकडे समोरच्या घरात काचेमागे वृंदाकाकूंचा देवदत्त दिसत होता ना!

देवदत्तला त्याच्या बदलापूरच्या मामाने एक जुनं लाकडी ग्लायडर दिलं होतं. त्याला इंजिन नाही, हातातून सोडलं की वाऱ्यावर तरंगत जाणार! दोन दिवस त्याने ते पॉलिश पेपरने घासलं आणि परवापासून रोज संध्याकाळी रंग देत होता. रविवारी बदलापूरच्या मैदानावर विमानं उडवायची स्पर्धा होती. ऋताचं पुठ्ठ्याचं विमान सोडताक्षणी नाक आपटायचं. तिचा नुसता जळफळाट होत होता.

"जाम जळतेस हां तू!" तिचा मित्र अल्पेश म्हणाला.

"जळते! मग? त्याचा रंग ओघळू दे. पंखांना पोपडे येऊ देत!"

"मग बघत कशाला बसतेस?"

"बघवत नाही म्हणून!"

एवढं बोलून ऋता एकदम थांबली. "अल्पेश, परवा वास कधी आला? देवदत्तने डबा उघडल्यावर! काल पण तेव्हाच. आज पण! कंपनी काय त्याच्या डब्याची वाट बघत बसते?"

दोघं गच्चीवर पळाली. दोरीवरच्या चादरी कंपन्यांच्या दिशेने फडफडत होत्या. वारा तिकडे चालला होता, मग तिकडचा वास इकडे येणार कसा? गच्चीवर तर कसलाच वास नव्हता! मग प्रत्येक दाराशी हुंगत दोघं जिना उतरली. देवदत्तच्या दाराशी अल्पेशला ठसकाच लागला.

"इथंच! रंग पातळ करायचा थिनर आहे हा!"

ऋताच्या मनात एक वाईट विचार येऊन गेला. गप्प बसलं तर? कोंदट खोलीत रंग बिघडेल, रविवारी ग्लायडर उडणारच नाही... तेवढ्यात आतून देवदत्तचा खोकला ऐकू आला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. अल्पेश बेल दाबणार, तोच तिने त्याचा हात ओढला. "बटण नको, ठिणगी उडेल!" आणि ती दारावर धपाधप थापा मारू लागली.

देवदत्तच्या बाबांनी, हेमचंद्रकाकांनी नाकाला रुमाल लावून दार उघडलं. "आत या पटकन, बाहेर गॅस आहे!"

आत देवदत्त भिंतीला टेकून बसला होता. डोळे लाल, हातात ब्रश. "डोकं गरगरतंय गं..." आणि वृंदाकाकू देवापुढे दिवा लावायला काडेपेटी उघडत होत्या!

"काकू, काडी ओढू नका!" ऋताने झेप घेऊन पेटी हिसकावली. "अल्पेश, खिडक्या उघड! बटणांना हात लावू नकोस!"

"अगं, हा काय आगाऊपणा?" काका कडाडले. "मी कंपनीत ऑफिसर आहे. मला वासातलं कळत नाही?"

"मग गच्चीवर चला! तिथे वास आला तर माझं विमान तुमच्यासमोर मोडते. पण देवदत्तला आणि काकूंना बरोबर घ्या!"

पैज म्हटल्यावर काका हटणार थोडेच! त्यांनी देवदत्तला धरून वर आणलं, रुमाल काढला आणि जोरात श्वास घेतला. मग पुन्हा घेतला. त्यांचा चेहरा उतरला.

"थिनर मीच आणला," ते हळूच म्हणाले. "आणि खिडक्याही मीच लावून घेतल्या."

देवदत्तला लगेच डॉक्टरांकडे नेलं. मोकळ्या हवेत त्याला बरं वाटलं, आणि पुरता बरा झाल्यावर राहिलेला रंग गच्चीवर सावलीत दिला गेला. डोळ्यांवर चष्मा, नाकावर थिनरसाठीचा खास मास्क, हातात मोजे! वाटीपुरता रंग काढून डबा लगेच बंद. रंगाचा एक पातळ थर वाळला की मगच दुसरा. देखरेखीला ऋता! ती काकांनाही सोडत नव्हती.

"काका, मास्क वर घ्या!"

"घेतला बाई, घेतला!" काकांनी मास्क सारखा केला आणि जमलेल्या शेजाऱ्यांकडे वळले. "या पोरीमुळे घर वाचलं. ऋता, किती जीव गं तुझा देवदत्तवर! रोज लक्ष ठेवून होतीस!"

ऋता लालबुंद झाली. पण खोटं बोलणं तिला जमेना.

"जीव कसला, काका! हेवा वाटत होता मला. म्हणून तर माझी नजर हटत नव्हती त्याच्यावरून! अजून वाटतो. किती मस्त दिसतंय ते!"

देवदत्त आ वासून बघतच राहिला. मग मोठ्याने हसला आणि म्हणाला, "रविवारी पहिल्यांदा तू सोड!"

वृंदाकाकूंनी ऋताला जवळ ओढलं. "असा हेवा करणारी मैत्रीण सगळ्यांना मिळो गं बाई!"