अठरा मिनिटांनी धापा टाकणारं विमान

"त्या अमरसिंग सरांनी माझ्या ताईले पुन्हा रडवलं असंल न, तर मी त्यांच्या गाडीची हवा सोडीन," पायडल मारता मारता संघदीप म्हणाला.

"सोड न. मंग मुक्कामी तुमच्याच घरी येतील थे," धीरज म्हणाला.

राधिका हसली नाही. तिच्या सायकलच्या हँडलला रत्नमालाताईचा जेवणाचा डबा लटकत होता. कालचा डबा भरलेलाच परत आला होता, आणि भरला डबा परत येणं ही काही साधी गोष्ट नव्हे. ताईला भूक किती लागते ते अख्ख्या मेडशीला ठाऊक होतं.

दिवाळीच्या सुट्या लागल्या आणि मालेगावबाहेरच्या पडीत माळावर मुरूम दाबून एक लांबलचक पट्टी तयार झाली. तिच्यावर दोन माणसांचं एक इवलंसं विमान उतरलं. तुरीच्या पिकाचे वरून फोटो काढायचे होते. पण मेडशीला खरं कौतुक होतं ते विमानाबरोबर आलेल्या मुलीचं. संघदीपची थोरली बहीण रत्नमाला अमरसिंग सरांच्या हाताखाली विमानाच्या इंजिनाचं काम शिकत होती, आणि शिकता शिकता थेट आपल्याच तालुक्यात येऊन पोचली होती. तिची आई बेबीताई तर तुरीच्या वावरात काम करता करता मधेच वर बघायची. राधिकाला सायकलची चेन बसवायला याच ताईने शिकवलं होतं, आणि तेव्हापासून राधिकाचा तिच्यावर फार जीव होता.

आल्या आल्या तीन दिवस आभाळ भरून आलं म्हणून विमान जागचं हललंच नाही. चौथ्या दिवशी उडालं आणि अठरा मिनिटांत इंजिन धापा टाकू लागलं. पायलट दिनेश सरांनी ते कसंबसं खाली आणलं. काल पुन्हा तेच झालं.

पट्टीच्या कडेला ताडपत्रीच्या सावलीत रत्नमालाताई इंजिनाचे प्लग कापडावर मांडून बसली होती. डोळे सुजलेले होते.

"ताई, काय झालं?" राधिकाने डबा पुढे केला.

"प्लग साफ आहेत. पेट्रोलात पाणी नाई. गाळणी दोनदा धुतली," ताई म्हणाली. "सर म्हणून राह्यले, मीच गाळणीत कचरा ठेवला. पाच वाजता ते रिपोर्ट पाठवणार हायेत. त्यात माझ्या नावापुढं 'निष्काळजी' लागलं, की माझं शिकणं संपलं, राधे. मले पुन्हा कोणी इंजिनाले हात लावू देणार नाई."

संघदीपचा चेहरा पडला. 

"इथं चालवून पाह्यलं तर?" राधिकाने विचारलं.

"तेच तर नवल हाय. सर झाकण उघडून पेट्रोल बघतात, झाकण लावतात, पाच मिनिटं इंजिन चालवतात. मस्त चालते. वर गेलं की मात्र अठरा मिनिटं, आणि मंग श्वास कोंडल्यावानी करते."

राधिकाला एकदम बाबांचा पाठीवरचा फवारणी पंप आठवला. तिचे बाबा चंपत मळ्यात वांगी आणि कोथिंबीर पिकवायचे. पंपाच्या झाकणाला हवा आत जायला एक बारीक भोक असतं. ते चिखलाने बुजलं, की थोडा वेळ फवारा झकास उडतो, मग बारीक होतो, मग थेंबही येत नाही. बाबा शिव्या देत झाकण उघडतात, टाकी सूंऽ करून हवा ओढते, आणि पंप पुन्हा शहाण्यासारखा चालू!

"ताई, या टाकीत हवा कुठून जाते?"

रत्नमालाताईच्या हातातला प्लग तसाच राहिला. ती राधिकाकडे बघतच बसली.

"झाकण उघडलं की हवा आत जाते," ती हळूच म्हणाली. "म्हणून इथं कधी बिघाड दिसतच नाई. पण नुसतं सांगून सरांले पटणार नाई, झाकण न उघडता अर्धा तास चालवून दाखवलं पाह्यजे. आणि सर मले चालवू देणार नाईत."

"थे माझ्याकडे लागलं," धीरज म्हणाला आणि उठला.

अमरसिंग सर खुर्चीत बसून चहा पीत होते. पोट सुटलेलं, आवाज खणखणीत, आणि आपल्याला सगळं कळतं यावर गाढ विश्वास.

"सर," धीरज भोळा चेहरा करून म्हणाला, "आमच्या विहिरीवरचं डिझेल इंजिन दिवसभर चालते. तुमचं पाच मिनिटांतच बंद करता. थकते का थे?"

"थकतं?" सरांचा कप बशीवर आदळला. "पंचवीस वर्षं इंजिनं बघतोय मी. अर्धा तास चालवून दाखवू?"

"जमंल?"

झालं. प्लग पुन्हा बसले, चाकांपुढे ठोकळे लागले. मुलांना पन्नास पावलं मागे, दोरीपलीकडे उभं केलं गेलं. टाकी नुकतीच पाहिली आहे, झाकण उघडू नका, असं रत्नमालाताईने अदबीने सांगितलं, आणि सरांनीही तोऱ्यात मान डोलावली. पंखा गरगरू लागला. संघदीप घड्याळाकडे टक लावून होता. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, अठरा झाली, तरी इंजिन ठणठणीत. राधिकाला वाटलं, आपलंच चुकलं असेल तर ताईचं उरलंसुरलं नाकही आपणच कापलं.

जमिनीवर पेट्रोल सावकाश जळतं, म्हणून थोडा जास्त वेळ लागला, पण बाविसाव्या मिनिटाला इंजिन खोकलं, अडखळलं आणि बंद पडलं.

पंखा पुरता थांबल्यावर रत्नमालाताई शिडीवर चढली आणि तिने टाकीचं झाकण सैल केलं. सूंऽऽ! दिनेश सर तंबूतून धावत आले होते, त्यांनाही तो आवाज ऐकू गेला. ताई खाली उतरून विमानाच्या पंखाखाली आडवी झाली. तिथे करंगळीएवढी एक नळी बाहेर डोकावत होती, टाकीला हवा देणारी. नळीचं तोंड मातीने गच्च लिंपलेलं होतं.

"कुंभारीण!" राधिका म्हणाली. मातीचं घर बांधणारी ती निळसर गांधीलमाशी तिच्या घराच्या कोनाड्यातही यायची.

"हात लावू नका त्याले," मागून कापरा आवाज आला. चहा करणाऱ्या गोजराबाई पदर सावरत आल्या. "माह्या सुनेले आठवा महिना चालू हाय. पोटुशी बाई घरात असली की कुंभारणीचं घर मोडत नसतात. मी तिले माती नेताना पाह्यलं होतं. म्हनूनच कोनाले बोलली नाई."

अमरसिंग सर काहीतरी कडक बोलणार होते. पण रत्नमालाताईने त्यांना हाताने थांबवलं आणि ती गोजराबाईंसमोर बसली.

"मावशी, हे घर उडतं हाय. इंजिन बंद पडून हे कुठं आदळलं, तर दिनेश सरही जातील आणि कुंभारणीची लेकरंही जातील. मोडायचं नाई आपल्याले. जागा बदलू. तुमीच काढा, तुमच्या हातानं."

गोजराबाई वाकून नळीजवळ बसल्या. मग त्यांनी अंबाड्यातला आकडा काढला आणि तान्ह्या बाळाचे कान साफ करावेत इतक्या हलक्या हाताने कडेकडेने माती सोडवली. मातीचा गोळा अखंड निघाला. पदरात घेऊन त्यांनी तो चहाच्या टपरीच्या वळचणीला, सावलीत ठेवला.

"विमान उभं असताना या नळीला टोपी घालायची असते," दिनेश सर सावकाश म्हणाले. "आणि उडण्याआधी खाली वाकून बघायचं असतं. हे काम कोणाचं होतं?"

"माझं," अमरसिंग सर म्हणाले. त्यांचा खणखणीत आवाज कुठे गेला कोण जाणे. "टोपी पेटीतच आहे. तीन दिवसांसाठी कशाला, म्हटलं. आणि वाकलो नाही मी. नुसतीच कागदावर खूण केली."

"मीही वाकून बघायले पाह्यजे होतं, सर," रत्नमालाताई म्हणाली.

नळी साफ झाली, आत काही उरलं नाही याची खात्री झाली, इंजिन पुन्हा चालवून झालं. चार वाजले. दिनेश सर विमानात बसले, पण त्यांनी अमरसिंग सरांकडे पाहिलं नाही. "रत्नमाला," ते म्हणाले, "उडू का?"

ती लगेच हो म्हणाली नाही. तिने विमानाला पुन्हा एक फेरी घातली. प्रत्येक ठिकाणी थांबली, वाकली, हात लावून पाहिलं. पंचवीस वर्षांचे अनुभवी अमरसिंग सर हात बांधून तिचं होईपर्यंत उभे होते. कोणीच घाई केली नाही.

"उडा," ती म्हणाली.

विमान माळावरून उठलं आणि मेडशीच्या बाजूला वळलं. अठरावं मिनिट आलं तेव्हा संघदीपने राधिकाचा हात इतका घट्ट धरला की तिला दुखलं. विसावं गेलं. पंचविसावं गेलं. इंजिनाचा आवाज एकसारखा येत राहिला.

रत्नमालाताई मुरमावर खाली बसली आणि ओंजळीत तोंड लपवून रडू लागली. गोजराबाईंनी तिला जवळ घेतलं.

अमरसिंग सर टेबलाकडे गेले. लिहून ठेवलेला रिपोर्ट त्यांनी फाडला आणि नवीन कागद घेतला. "दोष शोधला: रत्नमाला," ते मोठ्याने म्हणत लिहू लागले. मग थांबून त्यांनी मुलांकडे पाहिलं. "आणि ही तीन पोरं. पूर्ण नावं सांगा रे. माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळलं आज."

राधिकाने आपलं नाव, बाबांचं नाव, आडनाव सगळं सावकाश सांगितलं. मग तिने डबा उघडला आणि ताईपुढे ठेवला. ताईने डोळे पुसले आणि भाकरी मोडली.